सम्राटाला रडायला लावणारे बिशप आंब्रोज: थोर मानायचे का?

पाणंद:
ग्रीसमधल्या थेस्सलोनिका शहरात लोकांचा लाडका रथशर्यतीतला सारथी तुरुंगात टाकला म्हणून चिडलेल्या जमावाने सेनापती बुथेरिकला ठार मारले. इ.स. ३९० ची गोष्ट. रोमन सम्राट थिओडोशियसने शहरावर सैन्य सोडले आणि हजारो निरपराध कापले गेले. मिलानचे बिशप आंब्रोज यांनी सम्राटाला पत्र लिहिले, तेही लेखनिकाला न सांगता स्वतःच्या हाताने, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडू नये. आशय एवढाच: तुम्ही प्रायश्चित्त घेतल्याशिवाय तुमच्यासमोर मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करायला मी धजत नाही. सम्राटाने राजचिन्हे उतरवून चर्चमध्ये सर्वांदेखत अश्रू ढाळले. ज्याच्या एका शब्दावर शहर उद्ध्वस्त होते, त्याला असे सांगायला काळीज लागते. माझ्या लेखी हा माणूस थोरच.

काळाफळा:
दोनच वर्षे मागे जा. ३८८ मध्ये युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकमला, म्हणजे आजच्या सीरियातल्या रक्काला, ख्रिस्ती जमावाने ज्यूंचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, जाळले. थिओडोशियसने तिथल्या बिशपला ते स्वखर्चाने बांधून द्यायला सांगितले. न्याय्य हुकूम होता. आंब्रोज मात्र भर चर्चमध्ये सम्राटासमोर उभे राहिले आणि हुकूम मागे घेण्याचा शब्द मिळेपर्यंत मिस्सा अर्पण करायला वेदीकडे गेले नाहीत. पत्रात तर ‘सिनेगॉग मीच जाळले असे समजा’ इथपर्यंत मजल! हत्यार तेच, फक्त या वेळी जाळणाऱ्यांना वाचवायला.

वसईकर_मुलगी:
कॅलिनिकमची बाजू मी घेणार नाही, ते चुकलेच. पण सगळा माणूस त्यावरून मोडीत काढू नका. ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या लढाईत रोमन गॉथ टोळ्यांकडून हरले, गॉथांनी लोक धरून नेले. आंब्रोज यांनी चर्चची सोन्याची पात्रे वितळवून कैदी सोडवले. विरोधक तुटून पडले, तेव्हा त्यांचे उत्तर होते की सोने राखण्यापेक्षा माणसे राखणे बरे. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात फादरांनी हे सांगितले तेव्हा मी दहा वर्षांची होते, अजून विसरले नाही.

काळाफळा:
पात्रांबद्दल मनापासून आदर आहे. पण सोडवलेले कैदी बहुतेक रोमन राज्याचेच. कॅलिनिकमचे ज्यू त्याच सम्राटाची प्रजा होते, त्यांच्यासाठी कोणी वेदी अडवली नाही.

पाणंद:
हे मान्य. थेस्सलोनिकाबद्दलचे माझे मत मात्र बदलत नाही. त्या मेलेल्यांच्या बाजूने सम्राटाला लिहिणारा कोणीतरी होता, आणि तो आंब्रोज होता.