मुक्त खेळात शिकवणं कुठे असतं?

एका पालकांनी विचारलंय की नर्सरीत रोज तासभर 'मुक्त खेळ', म्हणजे मुलांनी आपल्या मनाने खेळायचा वेळ, असेल तर बाई शिकवतात कधी? अहो, त्याच तासात! ठोकळ्यांच्या कोपऱ्यापाशी जरा उभं राहून बघा. मनोरा कोसळतो, मूल मोठा ठोकळा खाली घेऊन पुन्हा रचतं. बाई एवढंच विचारतात, "आता कुठला ठेवशील?" लहान-मोठं, खाली-वर, आधी-नंतर सगळं त्यात आलं. मात्र सामान मुलांच्या हाताला येईल अशा बुटक्या फडताळात हवं. इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये लहान मुलांची शाळा काढली, तेव्हापासूनची ही गोष्ट. तरी कुलूपबंद कपाटं दिसतातच!

अक्षरं गिरवायची घाई नको. आधी माती मळू दे, मणी ओवू दे, म्हणजे बोटं लिहायला तयार होतात.

हात धुणं, खाऊ, शी-शू हाही अभ्यासच. क्रम रोज तोच ठेवला की घड्याळ न कळणाऱ्या मुलालाही खाऊनंतर गोष्ट आणि गोष्टीनंतर घर, हे उमगतं. रडारड बरीच कमी होते. खेळ थांबवायचा तर पाच मिनिटं आधी सांगावं. हातातली वस्तू एकदम काढून घेतली, की पुढचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा.