‘नियोजित कालबाह्यता’ : फोन बंद पडतो की पाडला जातो?

प्रश्न : ‘प्लॅन्ड ऑब्सोलेसन्स’साठी, म्हणजे वस्तू लवकर निकामी व्हावी अशी ती मुद्दाम बनवण्यासाठी, ‘नियोजित कालबाह्यता’ हा प्रतिशब्द वाचनात येतो. तो नेमका आहे का?

उत्तर : मला तो पटत नाही. काळ पुढे गेला म्हणून जी वस्तू मागे पडली ती कालबाह्य. पेजर तसा झाला, त्यात कोणाचा दोष नव्हता. पण १९२४ मध्ये ऑसराम, फिलिप्स आदी कंपन्यांनी जिनिव्हात ‘फीबस’ नावाचा संघ करून बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणायचे ठरवले आणि त्याहून जास्त टिकणाऱ्या बल्बांच्या कारखान्यांना दंड लावला, तिथे बिचाऱ्या काळाचा काय संबंध? (कमी टिकणारा बल्ब तेवढ्याच विजेत अधिक उजेड देतो, हा त्यांचा बचाव अगदीच खोटा नव्हता, दंडाचे समर्थन मात्र त्याने होत नाही.) याला ‘हेतुपुरस्सर अल्पायुष्य’ म्हणावे.

मराठीत ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ यांत एका कान्याचा फरक आहे आणि त्या कान्यामागे कर्ता उभा असतो. माझ्या फोनची बॅटरी बदलताना कारागिराने पाठ गरम करून, फटीत पातळ पट्टी सारून झाकण उचकटले, तर बॅटरी आत गोंदाने डकवलेली. ती ओढताना वाकली. ‘काढताना डिस्प्ले गेला तर माझी जबाबदारी नाही,’ हे त्याने आधीच सांगून ठेवले होते. असा फोन बंद पडला म्हणावे की पाडला?

आणखी एक मत : प्रत्येक वेळी ‘पाडला’ म्हणता येणार नाही. २०२० मध्ये फ्रान्समध्ये ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड झाला तो जुने आयफोन अपडेटमुळे मंद होऊ शकतात हे ग्राहकांना न सांगितल्याबद्दल. मुद्दाम आयुष्य घटवल्याचा ठपका त्यात नव्हता.

‘मोडीत काढणे’ हा प्रयोगही इथे फसतो. पितळी हंडा मोडीत दिला की वजनावर पैसे येत आणि पितळ पुन्हा ओतले जाई. फोनमधले सोने, तांबे, कोबाल्ट इतके थोडे आणि एकमेकांत गुंतलेले असते की ते वेगळे काढणे जिकिरीचे होते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. म्हणून फोनच्या बाबतीत मी ‘टाकून देणे’च लिहितो. सुस्थितीतल्या फोनला अपडेट देणे थांबवले जाते तेव्हा मात्र ‘लादलेली कालबाह्यता’ चालेल.