युरोपासॉरस: खुजा की पिल्लू? आणि दोष बेटाचा का?

चुनखडी: १९९८ साली जर्मनीत, गोस्लारजवळच्या लांगेनबर्ग खाणीत होल्गर ल्युड्टके या हौशी संग्राहकाला एक दात सापडला. मग हाडं निघत गेली, निदान अकरा जनावरांची, आणि सगळी लहानखुरी. हाच युरोपासॉरस, लांब मानेचा डायनासोर. एरवी असे डायनासोर म्हणजे पंधरा-वीस मीटर. इथलं सगळ्यात मोठं जेमतेम ६.२! आधी वाटलं, पिल्लं असणार.

पण हाडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारख्या वाढीच्या रेषा दिसतात. मोठ्या जनावरात त्या आत सुट्या सुट्या आहेत आणि कडेला येईतो एकमेकींना चिकटल्यात. म्हणजे वाढ संपली होती. २००६ साली मार्टिन सँडर आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं. तेव्हा तिथे समुद्र आणि त्यात बेटं होती; बेटावर राहून हा प्राणी खुजा झाला, यात मला आता शंकेला जागा दिसत नाही.

वंशावळ: वाढ संपली होती, मान्य. पण खुजा म्हणायचं तर पूर्वज मोठा होता हे दाखवावं लागतं, आणि ते वंशवृक्षावरून ठरतं. तिथेच एकमत नाही. कोणी त्याला ब्रॅकिओसॉरस या अवाढव्य डायनासोरच्या घराण्यात बसवतं, कोणी त्याखालच्या फांदीवर. मग इतकी खात्री कशाच्या जोरावर?

चुनखडी: फांदी कुठलीही धरा हो. एका बाजूला कॅमारासॉरस, दुसऱ्या बाजूला जिराफाटायटन. आजूबाजूचं सगळं गोतावळं अवाढव्य, मग हाच तेवढा मुळापासून लहान कसा?

वरोरेकर: आमच्या तालुक्यातल्या डोंगरगावला इसिसॉरस हा लांब मानेचा मोठा डायनासोर निघाला, म्हणून विचारतो. तेव्हा भारतही समुद्रात एकटाच होता ना? मग आमचा का नाही खुजा झाला?

चुनखडी: चाऱ्यामुळे. युरोपासॉरसच्या भागातलं सगळ्यात मोठं बेटही दोन लाख चौरस किलोमीटरच्या आतलं, आपल्या महाराष्ट्राहून लहान. भारत त्याच्या कितीतरी पट. एवढ्या भूमीवर मोठ्या जनावराचं पोट भरतं.

वंशावळ: तर मग रुमानियातल्या हात्सेगचं काय? तेही तेव्हा बेटच होतं. तिथले डायनासोर बेटामुळे लहान झाले असं फ्रान्झ नोप्चाने १९१४ मध्येच मांडलं होतं. २०१० मध्ये तिथल्या मॅग्यारोसॉरस या छोट्या, लांब मानेच्या डायनासोरची हाडं कापून पाहिली, तीही प्रौढ निघाली. इथवर तुमच्या बाजूचंच. पण २०२५ मध्ये त्याच भागातल्या एकाला उरिआश असं नाव मिळालं, आणि तो बारा मीटरच्या आसपास! बेट तेच, चारा तोच, मग हा एवढा मोठा कसा राहिला?

चुनखडी: हा मुद्दा वजनदार आहे. उरिआशचे पूर्वज उशिरा येऊन पोचले असतील, लहान व्हायला वेळच मिळाला नसेल. किंवा दोघांचं खाणं वेगळं असेल. हात्सेगपुरती बेटाबद्दलची खात्री मी मागे घेतो. लांगेनबर्गच्या हाडांबद्दल मात्र नाही.

वंशावळ: "असतील"वर माझं समाधान नाही. उरिआशच्या आणि मॅग्यारोसॉरसच्या हाडांचे काप शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवेत: वाढ कोणाची कधी मंदावली, ते तिथेच कळेल.