भूमध्य समुद्रातल्या बेटावर, पाण्यालगतच्या घरात राहिलायत? अनुभव लिहा

धागाकर्ती: मंडळी, युरोप म्हटलं की आपल्याकडे दहा दिवसांत सात देश उरकायची यादी निघते. ती इथे नको. बेट कुठलंही चालेल, पण समुद्राकाठी एक घर घेऊन जे नुसते लोळत पडले त्यांनीच लिहा. घर कसं होतं, महिना कोणता, जेवणाचं काय केलंत?

सुरुवात मीच करते. ग्रीसमधलं मिलोस बेट, क्लिमा नावाची वस्ती. तिथे मच्छीमारांची जुनी घरं आहेत, त्यांना सिर्माता म्हणतात. खाली होडी ओढून ठेवायची खोली, वर राहायची. खालचे दरवाजे निळे, लाल, पिवळे, हिरवे. मी रत्नागिरीकडची, त्यामुळे ओहोटीला दूर गेलेला आणि भरतीला वाळू गिळून टाकणारा समुद्र पाहत वाढले. इथे पाणी दारापासून दोन पावलांवर, आणि सकाळ-संध्याकाळ तिथेच! भूमध्य समुद्र जवळजवळ चहूबाजूंनी बंद, त्यामुळे एजियनच्या, म्हणजे ग्रीसपासच्या समुद्राच्या, या भागात भरती-ओहोटी जेमतेम वीतभर. म्हणून तर उंबरठा पाण्याला टेकवायची हिंमत. आपल्याकडे असं घर पहिल्याच उधाणात गेलं असतं. मात्र वारा फिरला की लाटा थेट दारावर आपटतात, चपला आत घ्याव्या लागतात.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला व्हीनसचा पुतळा १८२० साली याच वस्तीच्या वरच्या अंगाला सापडला. जागा चढावर आहे. आम्ही एका संध्याकाळी गेलो, बाकी वेळ पाय पाण्यात.

भटकभवानी: जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी मेल्तेमीचा विचार करावा. एजियनमध्ये उन्हाळ्यात हा उत्तरेकडून येणारा कोरडा वारा दिवसचे दिवस वाहतो, बोटी रद्द होतात. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री अथेन्सला पोचलेलं बरं. मला विचाराल तर सप्टेंबर. पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं, गर्दी ओसरलेली असते. मे महिन्यात ऊन छान, पण पाण्यात शिरताना दात वाजतात.

बिनकांद्याची: शाकाहारी माणसाचं काय होतं?

धागाकर्ती: उत्तम होतं. फावा मागवा, म्हणजे पिवळ्या डाळीचं बिनफोडणीचं घट्ट वरण, वर ऑलिव्ह तेल. त्यावरचा कच्चा कांदा तुम्ही नको म्हणून सांगा! खोर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, लिंबू पिळून. टोमॅटो सॉसमध्ये भाजलेला मोठा पांढरा घेवडाही मिळतो. एक सावधगिरी: तिथल्या चर्चच्या उपवासाचं जेवण मागितलंत तर मांस, अंडी, दूध नसेल, पण कोळंबी आणि ऑक्टोपस त्यांना उपवासाला चालतात. तेव्हा नीट विचारा.

चहाबाज: आम्ही ग्रीसच्याच क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लुत्रो गावी होतो. गावाला गाडीरस्ताच नाही. होरा स्फाकियोनहून बोट, नाहीतर कड्याच्या वाटेने चालत. हॉर्न नाही, धूर नाही. वाटेत 'गोड्या पाण्याचा' किनारा लागतो, तिथे काठावरचे गोटे उकरले की खरंच गोडं पाणी झिरपतं. मुलांनी दुसरं काही केलंच नाही. आमचे बाबा मात्र तिसऱ्या दिवसापासून विचारू लागले, "आज काय बघायचंय?" लोळणं सगळ्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. आणि हो, टॉयलेट पेपर बादलीत टाकायचा, तिथले पाइप अरुंद असतात.

मिठागरवाला: आई-बाबांना घेऊन जायचं तर माल्टाचं गोझो बेट सोपं. इंग्रजी चालतं, गाड्या डाव्या बाजूने धावतात, सॉकेट ब्रिटिश तीन पिनांचे. आम्ही मार्सलफोर्नला चुनखडीच्या जाड भिंतींच्या घरात राहिलो, दुपारीही आत थंडावा. जवळच श्वेयनीला कातळात खोदलेली मिठागरं आहेत. आमचं घराणं उरणचं, त्यामुळे वडिलांचा मुक्काम तिथेच. हातवारे करकरून त्यांनी तिथल्या माणसाशी बाष्पीभवनावर चर्चा केली.

नाश्त्याला पास्तित्सी: आत रिकोटा चीज किंवा वाटाणा. पिठात चरबी आहे का, ते विचारून घ्या. अझूर विंडोची दगडी कमान २०१७ च्या मार्चमध्ये वादळात कोसळली. जुने फोटो बघून ती शोधत बसू नका, त्या भागात पोहायला मात्र जा.

बिनकांद्याची: गोझोला बोटीचं तिकीट आधी काढावं लागतं का?

मिठागरवाला: गाडी नेणाऱ्या मोठ्या बोटीला जाताना तिकीट घेतच नाहीत. परतताना घेतात.