चोरबाजारातलं पोर्टहोल 'फ्रान्स' जहाजाचंच, हे ठरवायचं कसं?

गिरगावकर_६२:
मटण स्ट्रीटवरून एक पोर्टहोल, म्हणजे जहाजाची गोल खिडकी, उचललं. काच साधारण बारा इंची, मागे लोखंडी झाकण, दोन बोल्ट. घरच्या वजनकाट्यावर १९ किलो भरलं आणि बायको म्हणाली, "आता हे ठेवणार कुठे?" विक्रेत्याचं म्हणणं, हे 'फ्रान्स' या प्रवासी जहाजाचं आहे, गुजरातमधल्या अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्यावर तुटलेल्या. कागद एकही नाही. बाल्कनीत बसवून खाली पितळी पाटी लावायचा विचार आहे, पण पाटीवर खोटं लिहायचं नाही. खात्री कशी करू?

निवृत्त_सेकंड_इंजिनिअर:
काका, आधी ब्रासो कपाटात ठेवा. चकाकी आणायच्या नादात माणसं रंगाचे थर आणि ठोकलेले आकडे घासून टाकतात, आणि तेच तर वाचायचं असतं.

मग बोल्ट काढा. पाच सुती (पाच अष्टमांश इंच) असेल तर एका इंचात आटे मोजा. फ्रान्स हे जहाज फ्रान्समधल्या सँ-नाझेरला बांधलं, १९६० साली पाण्यात उतरलं. तिथे मेट्रिक. १६ मिमी बोल्टला दोन मिमीचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर), म्हणजे इंचाला पावणेतेराच्या आसपास आटे. १९७९-८० मध्ये त्याचं 'नॉर्वे' केलं ते जर्मनीत, ब्रेमरहाफेनला. तिथेही मेट्रिकच. व्हिटवर्थ, म्हणजे जुनं ब्रिटिश आट्यांचं माप, असेल तर अकरा. पण अकरा आले म्हणून लगेच ब्रिटिश म्हणू नका, यूएनसी या अमेरिकन मापालाही पाच सुताला अकराच. फरक आट्याच्या कोनाचा: व्हिटवर्थ ५५ अंश, अमेरिकन ६०. पिच गेज (आट्यांत बसवून पाहायची दातेरी पानं) लावल्याशिवाय डोळ्याला कळत नाही.

अलंगवारी:
अलंगच्या रस्त्यावर 'खाडे' आहेत, म्हणजे जहाजी मालाची दुकानं. जहाज तोडायच्या प्लॉटवरून माल निघाला की फर्निचर एकाकडे, भांडी दुसऱ्याकडे, पोर्टहोल तिसऱ्याकडे. जहाजाचं नाव तिथेच गळून पडतं. शिवाय तुमचं जहाज २००६ मध्ये किनाऱ्याला लागलं तेव्हा त्याचं नाव 'ब्ल्यू लेडी' होतं. जुना कागद मिळालाच तर त्यावर 'फ्रान्स' शोधू नका.

आणखी एक. आगीच्या भीतीने त्या जहाजाच्या सजावटीत लाकूड जवळजवळ वापरलंच नव्हतं, सगळं अ‍ॅल्युमिनियम, फॉर्मायका. उद्या कोणी 'फ्रान्सचं कोरीव सागवानी दार' दाखवलं तर हसून पुढे जा. पॅनेल मात्र कुठल्याच जुन्या जहाजाचं घरात कापू नका, आत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओळख पटलेल्या वस्तूंचा भाव वेगळाच असतो: फ्रान्सच्या नाळेचं (पुढच्या निमुळत्या भागाचं) टोक २००९ मध्ये पॅरिसला लिलावात विकलं गेलं.

जुनाट:
पुरावा कसा असतो ते 'ऑलिंपिक'वरून कळतं. टायटॅनिकचं थोरलं भावंड, १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या जॅरोला तोडायला गेलं. आतली सजावट यादी करून लिलावात विकली, त्यातली लाकडी पॅनेलं इंग्लंडमधल्याच अ‍ॅनिकच्या व्हाइट स्वान हॉटेलात आजही भिंतीवर आहेत. यादी, जहाजातले जुने फोटो आणि भिंतीवरचं कोरीवकाम शेजारी ठेवून पाहता येतं. ही जहाजं बांधणाऱ्या हार्लंड अँड वुल्फ कंपनीकडे ऑलिंपिकचा बांधणी क्रमांक ४००, टायटॅनिकचा ४०१. असा आकडा मागच्या बाजूला सापडला तर सोनंच. नुसत्या पोर्टहोलवरून जहाज ओळखणं म्हणजे खिडकीच्या कडीवरून चाळ ओळखण्यासारखं.

गिरगावकर_६२:
पुतण्याच्या वर्कशॉपमध्ये नेलं. पाच सुती बोल्ट, अकरा आटे, आणि व्हिटवर्थचं पान फटीत चपखल बसलं, उजेड दिसेना. झाकणाच्या बिजागरीवर पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली राखाडी रंग. आकडा नाही. तेव्हा फ्रान्स बाद.

अलंगवारी:
ब्रिटिश जहाजंही अलंगला भरपूर तुटली. इंग्लंडमधल्या बर्कनहेडला बांधलेलं 'विंडसर कॅसल' २००५ मध्ये आलं, तेही 'मार्गारिटा एल' होऊन बरीच वर्षं ग्रीक मालकाकडे काढल्यावर. पण तुमचं त्याचंच, असं मी म्हणणार नाही. साध्या मालवाहू बोटीचंही असू शकतं.

गिरगावकर_६२:
पाटीवर 'ब्रिटिश आट्यांचं पोर्टहोल, मटण स्ट्रीट' एवढंच लिहितोय. विक्रेत्याला फोन करून आटे सांगितले. तो जरा थांबला आणि म्हणाला, "साब, तो फिर आपही बताओ, कौनसा जहाज लिखूँ? मेरे पास वैसे चार और हैं."