कंपाइल टाइमला स्ट्रिंग जोडताना बिल्ड का रखडतो
सी प्लस प्लसमध्ये कंपाइल टाइमलाच, म्हणजे कंपायलर कोडचा प्रोग्राम बनवत असतानाच, लूपमध्ये प्लस करत स्ट्रिंग (अक्षरांची माळ) वाढवली तर बिल्ड, म्हणजे हे प्रोग्राम बनवण्याचं काम, रखडतो अशी तक्रार असते, रखडणारच की ओ, दर प्लसला नवी स्ट्रिंग बनते आणि आधीचं सगळं परत कॉपी होतं. १० अक्षरांचे १००० तुकडे जोडले तर स्ट्रिंग १० हजाराची पण कॉपी ५० लाख अक्षरांची, तीपण कंपायलर सावकाश करणार.

आमच्या सोलापुरात चादरीचा ताणा (उभे धागे) आधी मोजूनच बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, घेतात, तसंच करा, पहिल्या फेरीत फक्त लांबी मोजा, मग तेवढाच अ‍ॅरे (ठरीव मापाची जागा) घेऊन दुसऱ्या फेरीत भरा. सी प्लस प्लस २० मध्ये कॉन्स्टएक्सप्र फंक्शनात (जे कंपाइल होतानाच चालवता येतं) लायब्ररीची तयार स्ट्रिंग चालते, पण घेतलेली मेमरी कंपाइल होतानाच सोडावी लागते, म्हणून तयार मजकूर प्रोग्राम चालताना हवा असेल तर शेवटी अ‍ॅरेत उतरवावंच लागतं (माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेलीय).