गॅसची पाइपलाइन नाही, जुनं घर गरम करायला काय घ्यावं?

उंबरा:
नमस्कार मंडळी. थंड भागात जुनं घर घेतलंय, दगडी भिंती, वर दोन खोल्या. पाइपलाइनचा गॅस इथे नाही आणि येणारही नाही. सध्याचा तेलावरचा बॉयलर आता थकलाय. एकजण म्हणतो हीट पंप घ्या, दुसरा म्हणतो जुन्या घरात तो चालतच नाही, तिसरा एलपीजीची टाकी बसवा म्हणतो. आई आमच्याकडेच असते, तिला थंडी अजिबात सोसत नाही, म्हणून निर्णय चुकायला नको. कोणी यातून गेलंय का?

वाराबंद:
मशीन शेवटी ठरवा, आधी घराला उष्णता किती लागते ते काढा. सोपं आहे, वर्षाला तेल किती लिटर लागतं ते बघा. समजा २००० लिटर, एका लिटरमध्ये साधारण १० युनिट उष्णता असते, जुन्या बॉयलरमधून त्यातली ८० टक्के घरात येते असं धरलं तर झाली १६,००० युनिट. साधा इलेक्ट्रिक हीटर एका युनिट विजेत एकच युनिट उष्णता देतो, हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो म्हणून नीट बसवलेला असेल तर वर्षाच्या सरासरीत तिप्पट देतो, म्हणजे हिशोब ५,३०० युनिट विजेवर येतो. आता तुमचा विजेचा दर लावा आणि तेलाच्या बिलाशी ताडून बघा.

पण हे "नीट बसवलेला" फार महत्त्वाचं आहे हो. रेडिएटरमध्ये, म्हणजे खोली तापवणाऱ्या गरम पाण्याच्या पॅनेलमध्ये, पाणी जितकं गरम सोडाल तितकी हीट पंपाची कार्यक्षमता घसरते. म्हणून बॉयलर जिवंत आहे तोवर एक करा, कडाक्याच्या थंडीत त्याच्या पाण्याचं तापमान ५० वर आणा आणि दिवसभर चालू ठेवा. घर उबदार राहिलं तर हीट पंप चालेल. एखादी खोली गार पडली तर तिथला रेडिएटर मोठा लागेल, कारण ७० ऐवजी ५० अंशाचं पाणी सोडलं की तोच रेडिएटर जेमतेम निम्मी उष्णता देतो.

सरपण:
आमच्याकडे लाकडाचा बॉयलर आहे, मला आवडतो, पण तुम्हाला सुचवणार नाही. लाकूड दोन वर्षं वाळवावं लागतं, ओलावा २० टक्क्यांच्या खाली नसेल तर नुसता धूर आणि चिमणीत काजळी. पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्या, सोपे, पण तेही कोरडे ठेवायला जागा हवी, राख काढावी लागते. तुम्ही कामावर आणि आई घरात एकटी, मग हे करणार कोण? घेतलाच तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आधी लावा, तो वायू दिसत नाही, वासही येत नाही.

टाकीवाला:
एलपीजीला मी नाही म्हणणार नाही, आहे ते रेडिएटर तसेच राहतात, काम पटकन होतं. फक्त दर लिटरमध्ये विचारताना लक्षात ठेवा की एका लिटरमध्ये ७ युनिटच असतात, तेलात १०, लोक लिटरला लिटर लावून फसतात. टाकीला घरापासून ठराविक अंतर लागतं आणि टँकरला वाट लागते. आणि वीज गेली तर गॅसवर घर गरम राहील हा गैरसमज आहे, बॉयलरचा पंप आणि कंट्रोल विजेवरच चालतात.

उंबरा:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री ५० वर ठेवून बघितलं, बाहेर उणे २ होतं. वरच्या खोल्या २० वर टिकल्या, आईची खोली मात्र १६ च्या वर जाईना. तिच्या खोलीची एक भिंत उत्तरेला आहे आणि खिडकीतून वारा येतो.

वाराबंद:
मग अख्खं घर उकरायला नको. खिडकीच्या फटी बंद करा, त्या खोलीत दुप्पट क्षमतेचा रेडिएटर बसवा, माळ्यावर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, नसेल तर तेही आत्ताच करा. १८ च्या खाली खोली नसावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, वयस्कर माणसाला त्याहून जास्तच ठेवा. हे झाल्यावर परत ५० वर चालवून बघा आणि मगच हीट पंपाचं कोटेशन मागवा. खोलीनिहाय हिशोब न करता जो नुसता घर बघून आकडा सांगेल, त्याला काम देऊ नका.

उंबरा:
खिडकीचं माप आजच घेतो. तोवर आईला वरच्या खोलीत हलवलंय.